खडकांवर चालवण्यासाठी मोठी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी कशी निवडावी

लहान गाडीवर खडक चढायला शिकलेला माणूस मोठ्या गाडीकडे वळतो तो बहुधा जागा पुरेनाशी झाल्यामुळे. बरोबर येणारी माणसे वाढतात, तंबू, पाणी, सुटे भाग, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) आणि दुसरे स्पेअर चाक कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो, आणि लांबच्या प्रवासात लहान इंजिनाची दमछाक होते. ही गरज खरी असली, तरी मोठेपणाची किंमत खडकांवर पावलोपावली मोजावी लागते. तीन दारांच्या सुझुकी जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, २,२५० मिमी आणि वजन सुमारे अकराशे किलो असते. चार दारांच्या सध्याच्या जीप रँग्लरचा व्हीलबेस ३,००८ मिमी आहे आणि वजन दोन टनांच्या आसपास जाते. ज्या फटीतून पहिली गाडी सहज निघते, तिथे दुसरीच्या चालकाला खाली उतरून वाट आखावी लागते. म्हणून आपल्या गरजा जीत बसतील अशा गाड्यांपैकी सर्वांत लहान गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवड करताना गाडीत पुढे काय बदलता येईल आणि काय बदलता येणार नाही, याची विभागणी आधी करावी. टायर, स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर, बंपर, पोटाखालच्या संरक्षक पत्र्या, एवढेच काय दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावणारे लॉकरसुद्धा नंतर बसवता येतात. व्हीलबेस, रुंदी, चॅसीची (खालच्या सांगाड्याची) मजबुती आणि अॅक्सलचा (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा) प्रकार मात्र गाडीबरोबर जन्माला येतात. ते बदलायला निघालेला माणूस अर्धी गाडी नव्याने बांधतो. विक्रेता ज्या गोष्टी उत्साहाने दाखवतो त्या बहुतेक पहिल्या गटातल्या असतात, हे लक्षात ठेवले की पुष्कळ खर्च वाचतो.

व्हीलबेसचा हिशेब कागदावर करून पाहावा. पोटाखाली २५० मिमी मोकळी जागा असलेल्या दोन गाड्या घेतल्या, एकीचा व्हीलबेस २,४५० मिमी आणि दुसरीचा ३,००० मिमी, तर पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याचा कोन पहिलीला ढोबळमानाने २३ अंश मिळतो आणि दुसरीला १९ अंश. दुसरीला पहिलीइतका कोन हवा असेल, तर तिचे पोट सुमारे ५५ मिमी वर न्यावे लागते, आणि उंची वाढली की आडव्या उतारावर कलंडण्याचा धोकाही वाढतो. याउलट उभ्या चढावर लांब गाडी भरवशाची ठरते: तिचे नाक चटकन उचलले जात नाही, पुढची चाके जमिनीला धरून राहतात, आणि पायरीसारख्या खडकांवर ती आखूड गाडीइतकी डोलत नाही. मोठ्या गाडीसाठी २,७०० ते २,९५० मिमी हा पट्टा मला सर्वांत सोयीचा वाटतो. लँड रोव्हर डिफेंडर ११० चे जुने मॉडेल आणि टोयोटा लँड क्रूझर ८० या त्यात बसतात. निसान पेट्रोलचे लांब मॉडेल आणि चार दारांची रँग्लर किंचित बाहेर जातात, पण तेवढ्यासाठी त्यांना नाकारण्याचे कारण नाही. व्हीलबेसइतकेच मागच्या चाकामागे किती धड लोंबते तेही पाहावे, कारण आसनांची तिसरी रांग असलेल्या गाड्या खडकावरून उतरताना हमखास तिथेच आपटतात.

अॅक्सलचा प्रश्न खडकांवर सर्वांत महत्त्वाचा आहे. पुढे-मागे सलग अॅक्सल असलेल्या गाडीचे एक चाक खडकावर चढले की त्याच अॅक्सलचे दुसरे चाक खाली दाबले जाते, त्यामुळे ते जमिनीला धरून राहते. शिवाय डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा अॅक्सलबरोबरच वर उचलला जातो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल, म्हणजे प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होत असेल, तर डिफरन्शियल चॅसीला बांधलेला असतो, आणि स्प्रिंग दबल्या की तो खडकाच्या जवळ येतो, म्हणजे जागेची गरज सर्वांत जास्त असते नेमक्या त्याच क्षणी ती घटते. लँड क्रूझर ८० आणि ७०, निसान पेट्रोल वाय६० आणि वाय६१, जुनी डिफेंडर, २०१८ पूर्वीची मर्सिडीज जी-क्लास आणि रँग्लर या पुढे-मागे दोन्हीकडे सलग अॅक्सलच्या गाड्या आहेत. लँड क्रूझर २०० आणि ३००, तसेच २०२१ पासूनची फोर्ड ब्रॉन्को यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. त्या खडीच्या रस्त्यावर वेगात अधिक स्थिर चालतात, आणि लॉकर असतील तर मध्यम अवघड खडकही पार करतात. ज्याचा बहुतेक प्रवास लांब पल्ल्याचा आहे आणि खडक अधूनमधून लागतात, त्याने त्या जरूर घ्याव्यात; ज्याला खडकांसाठीच गाडी हवी आहे, त्याने सलग अॅक्सलच धरावा.

इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा गाडी किती सावकाश चालू शकते हे आधी विचारावे. पहिल्या गिअरचे, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) लो रेंजचे, म्हणजे सावकाश चालीचे, आणि अॅक्सलचे गुणोत्तर यांचा गुणाकार केला की हे कळते. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये ५.१३, ४.० आणि ४.१० यांचा गुणाकार ८४ च्या आसपास येतो. ३३ इंची टायर असतील तर ८०० आरपीएमला ही गाडी ताशी दीड किलोमीटरने सरकते. हाच गुणाकार ३० असेल तर वेग ताशी चार किलोमीटरच्या वर जातो, आणि मग खडकाच्या कडेवरून चाक अलगद उतरवण्यासाठी सतत ब्रेक धरावा लागतो. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) ही उणीव बरीच भरून काढतो, चढावर इंजिन बंदही पडत नाही; म्हणून नवख्या माणसाने ऑटोमॅटिक घेण्यात काहीच कमीपणा नाही. उतारावर इंजिनाचा लगाम मात्र मॅन्युअलमध्ये अधिक घट्ट बसतो.

लॉकर कारखान्यातून बसवून आलेले असतील तर उत्तम. साध्या डिफरन्शियलमध्ये हवेत उचललेले चाक नुसते फिरत राहते आणि जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून हे सावरतो, पण त्यासाठी चाक आधी घसरावे लागते, आणि घसरणारे चाक अचानक खडकाला पकडते तेव्हा अॅक्सल शाफ्ट तुटतात. एकच लॉकर परवडत असेल तर तो मागे बसवावा, कारण चढावर वजन मागच्या चाकांवर येते, आणि पुढचा लॉकर चालू असताना स्टिअरिंग जड होते.

टायरच्या बाबतीत दोन गोष्टी पुरेशा आहेत. गाडीचे धड उचलल्याने डिफरन्शियलखालची जागा वाढत नाही. ती टायरनेच वाढते, आणि ३३ इंचांवरून ३५ वर गेल्यास ती जेमतेम एक इंच वाढते. दुसरे म्हणजे, २० इंची रिमच्या गाड्या टाळाव्यात किंवा त्यांना १७ इंची रिम बसते का ते आधी विचारावे, कारण हवा कमी करून टायर खडकावर पसरायला उंच साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) लागते.

वापरलेली गाडी घ्यायची असेल, आणि वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक आता वापरलेल्याच मिळतात, तर विजेरी घेऊन तिच्या खाली झोपावे. स्टिअरिंग बॉक्स जिथे चॅसीला बोल्टने बसतो तिथे केसाएवढी भेग आहे का, हे कापडाने माती पुसून पाहावे. मोठ्या टायरच्या गाड्यांत हा भाग आधी थकतो. सस्पेन्शनच्या आर्म जिथे चॅसीला जोडल्या आहेत तिथली छिद्रे लांबट झाली आहेत का, मागून वेल्डिंग केले आहे का, हे तपासावे. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूस, गोल नकलवर (चाक वळते त्या सांध्यावर), काळे ग्रीस आणि गिअर ऑइल मिसळून ओघळले असेल तर सील गेले आहेत. ती दुरुस्ती आवाक्यातली आहे, पण किंमत कमी करून घेण्याचे ते रास्त कारण आहे. चॅसीच्या मागच्या टोकाला हातोडीने हलके ठोकावे: टणक आवाजाऐवजी भदभदा आवाज आला आणि गंजाचे पापुद्रे पडले, तर रंग कितीही नवा असला तरी ती गाडी सोडून द्यावी. पोटाखालचे ओरखडे पाहून दचकू नये. ओरखडे पत्र्यांवर असतील तर पत्र्यांनी आपले काम केले आहे. तेच अॅक्सलच्या नळीवर किंवा ट्रान्सफर केसवर असतील तर आतल्या भागांची चौकशी करावी.

शेवटी गाडी चालवून पाहताना लो रेंज आणि प्रत्येक लॉकर प्रत्यक्ष लावून पाहावा, कारण वर्षानुवर्षे न वापरलेले लीव्हर आणि मोटारी अडकून बसतात. मग गाडी अशी उभी करावी की पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक दगडांवर येईल, आणि त्या अवस्थेत चारही दारे उघडून लावून पाहावीत. दार चौकटीला घासत असेल किंवा लागतच नसेल, तर धडाखालचे रबरी आधार तरी संपले आहेत किंवा चॅसी तरी वाकली आहे, आणि यांपैकी कोणते ते कळल्याखेरीज पैशांची बोलणी सुरू करू नयेत.