बारेसी बघायचा कसा: बॉल सोडा, 6 नंबर धरा

इटलीच्या एसी मिलान क्लबचा डिफेंडर फ्रँको बारेसी, त्याचं नाव ऐकलं की बरेच जण पाच मिनिटांचे हायलाइट्स लावतात, दोन-चार टॅकल बघतात आणि म्हणतात ठीके, चांगला डिफेंडर होता. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या माणसाचं निम्मं काम बॉल त्याच्यापर्यंत यायच्या आधीच झालेलं असायचं आणि ते हायलाइट्समध्ये येतच नाही. म्हणून आधी पूर्ण मॅच शोधा.

कुठली? 19 एप्रिल 1989, सान सिरो, एसी मिलान विरुद्ध रिआल माद्रिद, युरोपियन कपची सेमीफायनल, 5-0. पाचही गोल भारी आहेत पण ते नंतर निवांत बघा, पहिली पंधरा-वीस मिनिटं लाल-काळ्या शर्टातला 6 नंबर धरायचा आणि सोडायचा नाही. जड जातं, डोळे सारखे बॉलकडे पळतात, पळाले की परत आणा. माद्रिदच्या मिडफिल्डरने लांब पास द्यायला मान वर केली की लगेच पॉज करा आणि मग थोडं थोडं पुढे सरकवा. दुसरा कुठलाही डिफेंडर अशा वेळी गोलकडे धाव घेईल, हा उलट चार पावलं पुढे येतो, हात वर जातो आणि तासोत्ती, कोस्ताकुर्ता, मालदिनी तिघंही त्याच्यासोबत एका रेषेत वर सरकतात, मागे उरतो तो माद्रिदचा फॉरवर्ड, बुत्रागेन्यो नाहीतर ह्यूगो सांचेझ, ऑफसाइड, म्हणजे पास निघतानाच डिफेंडरांच्या रेषेच्या पलीकडे, म्हणून बाद. एकदा हे दिसलं ना की मग सगळीकडे दिसायला लागतं. प्रशिक्षक आरिगो साक्कीची सगळी टीम पंचवीस-तीस मीटरच्या पट्ट्यात खेळायची आणि तो पट्टा पुढेमागे सरकवणारा माणूस हाच.

बघताना तेव्हाचे नियम लक्षात ठेवा नाहीतर गोंधळ होईल. 1990 पर्यंत शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या बरोबरीत असलात तरी ऑफसाइडच धरायचे, आणि बॅकपास (आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला बॉल) गोलकीपरने हाताने उचलायचा नाही हा नियम 1992 चा.

आता निष्ठेबद्दल. ट्रॉफ्यांची यादी वाचून ती कळत नाही, तारखा शेजारी शेजारी ठेवा मग कळते. मिलान शहरातल्याच दुसऱ्या क्लबने, इंटरने, लहानपणी त्याला नाकारलं (भाऊ ज्युसेप्पेला मात्र घेतलं), मिलानकडून पहिली मॅच एप्रिल 1978 ला, 1979 ला लीग जिंकली, आणि 1980 ला मॅच-फिक्सिंग प्रकरणात क्लबलाच शिक्षा म्हणून सेरी बी मध्ये, म्हणजे खालच्या दुसऱ्या लीगमध्ये टाकलं. वर आले, तर 1982 ला परत खाली, यावेळी मैदानावर हरून. त्याच उन्हाळ्यात इटली वर्ल्ड कप जिंकली, बारेसी त्या संघात होता, एकही मॅच मिळाली नाही, आणि घरी येऊन तो कुठे खेळला तर सेरी बी मध्ये, 22 व्या वर्षी कॅप्टन म्हणून! इटलीकडून पहिली मॅचसुद्धा त्याला तेव्हाच मिळाली, डिसेंबर 1982 ला. क्लबचा नंतरचा मालक बर्लुस्कोनी, त्याचा पैसा यायला अजून चार वर्षं होती, म्हणजे पुढे हे सगळं सोनं होणार आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. माझ्यासाठी त्याचं करिअर इथेच आहे. नंतरच्या लीगा, 1989 आणि 1990 चे युरोपियन कप, 1993-94 च्या सीझनला 34 मॅचमध्ये फक्त 15 गोल खाणारा डिफेन्स, 719 मॅच, 1997 ला कायमचा रिटायर केलेला 6 नंबर, हे सगळं त्याच्यावर उभं राहिलं.

1994 ची वर्ल्ड कप फायनल मात्र शेवटी ठेवा, आधी बघू नका. 23 जूनला नॉर्वेविरुद्ध गुडघ्याचं मेनिस्कस (आतली कूर्चा) गेलं, ऑपरेशन झालं आणि 17 जुलैला पासाडेनाच्या उन्हात तो ब्राझीलसमोर उभा होता, वय 34. लोक थेट पेनल्टीवर जातात, त्याने पहिली मारली, बारवरून गेली, आणि तो रडला ते बघतात. तुम्ही तसं करू नका, आधी सगळी 120 मिनिटं बघा, पुन्हा तोच 6 नंबर धरून, आणि रोमारियो-बेबेतोला पास निघायच्या क्षणी पॉज करून त्याची पावलं कुठे पडतायत ते बघा. स्कोअर 0-0 होता.