रोड टॅक्स संपला तर गाडीचा विमा चालतो का? या चुका टाळा

‘टॅक्स नाही म्हणजे विमाही गेला’ असं ब्रिटनमध्ये गाडी चालवणाऱ्या आपल्या मंडळींकडून मी अनेकदा ऐकलंय. ‘विमा आहे ना, मग टॅक्सचं बघू सावकाश’ असं म्हणणारेही भेटतात. दोन्ही समज चुकीचे आहेत, पण पहिल्याची मला जास्त काळजी वाटते. त्याच्यामुळे माणसं हक्काचा क्लेम करत नाहीत, किंवा घाबरून कंपनीला खोटं सांगून बसतात.

मुळात ही दोन वेगळी खाती आहेत. रोड टॅक्स स्वॉन्झीच्या डीव्हीएलएकडे, म्हणजे गाड्या आणि लायसन्स यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे जातो आणि त्याचा कायदा १९९४ चा आहे. विम्याची सक्ती १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम १४३ मधून येते. कोणत्या गाडीला विमा आहे याची नोंद मोटर इन्शुरन्स डेटाबेसमध्ये असते. टॅक्सची तारीख उलटली म्हणून त्या डेटाबेसमधून तुमची पॉलिसी आपोआप गळत नाही.

पॉलिसी रद्दच झाली असं धरून चालणं

अपघातात तुमच्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई तुमच्या टॅक्सवर अवलंबून नसते. त्याच कायद्याचं कलम १५१ विमा कंपनीला तिसऱ्या व्यक्तीची कोर्टाने ठरवलेली भरपाई द्यायला लावतं. पॉलिसीप्रमाणे कंपनी जे द्यायला बांधील नव्हती आणि केवळ कायद्यामुळे तिने दिलं, ते मात्र ती नंतर तुमच्याकडून मागू शकते.

प्रश्न येतो तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. काही पॉलिसींमध्ये गाडी कायदेशीररीत्या रस्त्यावर असावी, तिला टॅक्स आणि एमओटी (दर वर्षीची गाडीची सक्तीची तपासणी) असावी, अशी अट असते. तिचा आधार घेऊन कंपनी खळखळ करू शकते. पण इन्शुरन्स ॲक्ट २०१५ चं कलम ११ तुमच्या बाजूने आहे. जी अट मोडल्यामुळे प्रत्यक्ष घडलेल्या नुकसानीचा धोका वाढूच शकत नव्हता, तिच्या आधारे कंपनीला हात वर करता येत नाहीत. सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला मागून कोणी ठोकलं, तर तुम्ही डीव्हीएलएचे पैसे भरले होते की नाही याचा त्या धडकेशी काय संबंध? क्लेम नाकारल्याचं पत्र आलं तर हाच प्रश्न कंपनीला लेखी विचारा.

एमओटीचं थोडं वेगळं आहे. ती संपलेली असणं हेही एकट्याने क्लेम नाकारायला पुरेसं कारण नसतं, पण टायर गुळगुळीत होते किंवा ब्रेक निकामी होते आणि त्यामुळेच अपघात झाला, तर संबंध सरळ जुळतो. शिवाय एमओटी नसलेल्या गाडीची बाजारातली किंमत कमी धरली जाते, म्हणून गाडी पूर्ण निकामी ठरली तर हातात येणारी रक्कमही घटते.

सॉर्न करून ठेवलेली गाडी ‘जरा एक फेरी’ म्हणून बाहेर काढणं

खरा विमा जातो तो इथे. भारतात दोन महिने जायचं, हिवाळ्यात दुसरी गाडी लागत नाही, म्हणून गाडी रस्त्यावर नसल्याचं डीव्हीएलएला कळवायचं (यालाच सॉर्न म्हणतात) आणि टॅक्स थांबवायचा, यात काही गैर नाही. सॉर्न केलेल्या गाडीला विमा ठेवण्याची सक्तीही नसते. त्यामुळे पुष्कळ जण त्याच झटक्यात पॉलिसी बंद करतात, किंवा फक्त आग आणि चोरी यांपुरतं स्वस्त कव्हर घेतात. परत आल्यावर बॅटरी उतरलेली असते, ती चार्ज व्हावी म्हणून कोणी कोपऱ्यापर्यंत चक्कर मारतो. त्या चकरेत गाडीला रस्त्यावरचा विमा नसतो.

टॅक्स नसण्याचा आणि विमा नसण्याचा दंड यांत किती अंतर आहे ते बघा. टॅक्स भरायचा राहिला तर डीव्हीएलएकडून साधारणपणे ८० पौंडांचं पत्र येतं, ३३ दिवसांत भरलं तर ४० पौंडांवर भागतं. प्रकरण कोर्टात गेलं तर १,००० पौंड किंवा टॅक्सच्या पाचपट, यांतली मोठी रक्कम ही कमाल मर्यादा. सॉर्न असताना चालवली तर १,००० च्या जागी २,५००. पण यात लायसन्सवर पॉइंट लागत नाहीत. विम्याशिवाय चालवलं तर जागेवर ३०० पौंड आणि ६ पॉइंट, आणि कोर्टात दंडाला वरची मर्यादाच नाही. लायसन्स मिळून दोन वर्षं झालेली नसतील तर ६ पॉइंटांवर ते रद्द होतं. इथे येऊन नव्याने लायसन्स काढलेल्यांनी हे विसरू नये.

सॉर्न केलेली गाडी घराबाहेर सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभी ठेवणंही चालत नाही. ती स्वतःच्या ड्राइव्हवेवर, गॅरेजमध्ये, म्हणजे खासगी जागेतच हवी. आणि उलट बाजूने, टॅक्स संपला म्हणून गाडी नुसती उभी ठेवून विमा बंद केला आणि सॉर्न केलंच नाही, तरी दंड येतो. २०११ पासूनचा नियम आहे: गाडी एक तर विमा उतरवलेली हवी, नाही तर सॉर्न केलेली. ती चालवली की नाही हे त्यात विचारलं जात नाही.

जुनी गाडी घेतली आणि ‘टॅक्स अजून आहे’ म्हणून चालवत घरी आणली

१ ऑक्टोबर २०१४ पासून काचेवरची कागदी चकती गेली आणि त्याच दिवसापासून टॅक्स गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाईनासा झाला. विकणाऱ्याला उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात आणि घेणाऱ्याला नव्याने भरावे लागतात. विकणारा भला माणूस असतो, ‘मार्चपर्यंत टॅक्स आहे’ असं मनापासून सांगतो, पण त्याने विक्री कळवली की तो टॅक्स संपला. त्याचं सॉर्नही तुमच्याकडे येत नाही. लॉगबुकची, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाची, हिरवी चिठ्ठी हातात घ्या, त्यावरच्या नंबराने तिथेच उभं राहून फोनवर टॅक्स भरा. विमा त्याच्याही आधी सुरू झालेला हवा. टॅक्स भरताना विम्याचा कागद कोणी मागत नाही, त्यामुळे ‘टॅक्स झाला म्हणजे सगळं झालं’ असा गैरसमज सहज होतो.

डायरेक्ट डेबिट आहे म्हणून निश्चिंत राहणं

टॅक्ससाठी बँकेतून आपोआप पैसे कापणारं डायरेक्ट डेबिट वर्षाच्या शेवटी आपोआप पुढे चालू राहतं, पण त्या वेळी एमओटी संपलेली असेल तर नूतनीकरण होत नाही. म्हणजे एकाच वेळी टॅक्सही नाही आणि एमओटीही नाही, आणि क्लेमच्या वेळी कंपनीला दोन मुद्दे मिळतात. यासाठी एमओटीची तारीख टॅक्सच्या आधी किमान महिनाभर येईल अशी जुळवून घेतलेली बरी.

घर बदलल्यावर लॉगबुकवरचा पत्ता बदलायला पैसे लागत नाहीत, तरी ते राहून जातं. मग टॅक्सची आठवण आणि दंडाची पत्रं जुन्या घरी जात राहतात. विमा कंपनीला नवा पत्ता वेगळा कळवावा लागतो. तो न कळवणं हे विम्यासाठी टॅक्स चुकण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे, कारण गाडी रात्री कुठे उभी असते यावर हप्ता ठरतो.

शून्य टॅक्सच्या गाड्यांनाही दर वर्षी टॅक्सची नोंद करावीच लागते. इलेक्ट्रिक गाड्यांना तर १ एप्रिल २०२५ पासून प्रत्यक्ष पैसे भरावे लागतात.

आता टॅक्स संपलेला आढळला तर

सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका, टॅक्स आणि एमओटी दोन्हींच्या तारखा फुकट दिसतात. भरल्याशिवाय गाडी हलवू नका. आधी ठरवून ठेवलेल्या एमओटी तपासणीला जाणं तेवढं टॅक्सशिवाय चालतं, पण त्या प्रवासालाही विमा लागतोच. जॅमर लागला तर सोडवायचे १०० पौंड, आणि तिथेच टॅक्स भरता आला नाही तर मोटारीसाठी आणखी १६० पौंड अनामत. हा खर्च विमा देत नाही.

अपघात आधीच झाला असेल तर क्लेमच्या फॉर्मवर विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या. टॅक्सची तारीख लपवल्याने काही वाचत नाही, नोंद सगळ्यांना दिसते. पण खोटं बोलल्याचा ठपका बसला तर ज्या क्लेमला धक्का लागायचं कारण नव्हतं तोच बुडू शकतो. कंपनीने नकार दिला तर नेमकं कोणतं कलम लावलं ते लेखी मागा आणि तक्रार नोंदवा. अंतिम उत्तराला त्यांच्याकडे आठ आठवडे असतात. ते पटलं नाही तर उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपन्या यांच्यातले वाद सोडवणाऱ्या संस्थेकडे जाता येतं. त्यांच्याकडे तक्रार करायला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही.