सिनेटर उघडण्याआधी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि काठावरून गरवणाऱ्यालाही तेव्हा खडकावर उभं राहवत नाही. जुनं रीळ, म्हणजे गरवायच्या दांडीला लावून दोरी गुंडाळायची चक्री, उघडायचं ते याच दिवसांत. नारळी पौर्णिमा झाली की कोणाला धीर नसतो. मग फटीतून दोन थेंब तेल सोडून माणूस निघतो आणि ते तेल बाहेरचं मीठ आत नेऊन बसवतं.

पुढे लिहितोय ते पेन (Penn) कंपनीचं सिनेटर ११३ हे रीळ डोळ्यासमोर ठेवून, म्हणजे ज्याला मापाच्या भाषेत ४/० म्हणतात ते. मामा बोटीवर होते, त्यांच्या ट्रंकेतून ते माझ्याकडे आलं. फिलाडेल्फियात १९३२ साली ओटो हेन्झे यांनी पेन कंपनी काढली आणि १९३६ मध्ये सिनेटर बाजारात आलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आतली रचना जवळपास तशीच राहिली. त्यामुळे एक समजलं की त्या घराण्यातली बाकीची रिळं फारशी अडवत नाहीत.

पहिली तयारी म्हणजे हत्यार न उचलणं. रीळ हातात घ्या आणि ते काय काय करतं ते बघा. हे रीळ दांडीच्या वर बसतं, खाली नाही. दांडीखाली लटकणाऱ्या स्पिनिंग रिळाची सवय झालेली मंडळी ते हमखास उलटं धरतात. बाजूचा खटका एका बाजूला टाकला की स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायचं रूळ, मोकळं सुटतं आणि परत ओढला की दात जुळतात. हँडलखालची चांदणी ड्रॅग आवळते, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरी ठरावीक ताणाला सुटू देणारा ब्रेक. दुसऱ्या बाजूची गुंडी सरकवली की किरकिर वाजते. ती किरकिर ब्रेक नव्हे. आमिष खाली सोडून दांडी टेकवून ठेवली की मासा लागल्याचं कळावं आणि स्पूल आपोआप भरकटू नये, एवढंच तिचं काम. मासा ओढताना ती चालू ठेवली तर आतली जीभ झिजते. तंगूस, म्हणजे गरवायची नायलॉनची दोरी, सारखं पसरवणारी यंत्रणा यात नाही, ते काम अंगठ्याने करायचं. हँडलची एक फेरी मारून स्पूल किती फिरतं ते मोजा: साध्या ११३ मध्ये दोन-अडीच फेऱ्या, लाल बाजूंच्या ११३एच मध्ये तीनच्या वर. आजच्या रिळांपुढे हे संथ वाटेल, पण जड मासा तळातून उचलताना हाच संथपणा हाताला जोर देतो.

हे बघताना दुखणंही कागदावर लिहून ठेवा. खटका परत ओढूनही हँडल रिकामं फिरतं का? हँडल उलटं फिरतं का? ड्रॅग सरळ सुटतो की अडत-अडत, धक्के देत? पहिलं असेल तर बहुधा योकच्या (पिनियन सरकवणाऱ्या पट्टीच्या) दोन बारीक स्प्रिंगा गंजल्यात किंवा पिनियनचे, म्हणजे स्पूलला जुळणाऱ्या छोट्या चाकाचे, दात गेलेत. दुसरं असेल तर उलट फेरी अडवणारा छोटा अडसर चिकटलाय किंवा त्याची स्प्रिंग मोडलीय. तिसरं म्हणजे चकत्या. ही टिपणं हाताशी नसली की साफसफाई होते, रीळ चकाकतं आणि जुनं दुखणं आत तसंच राहतं. पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं.

आता सामान. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारे दोन-तीन रुंदीचे स्क्रू ड्रायव्हर, अगदी अचूक मापाचे. पात्याची टोकं कानशीने सरळ करून घेतली तरी चालेल. जुन्या रिळाचं सर्वात मोठं नुकसान मीठ करत नाही, सैल स्क्रू ड्रायव्हर करतो. हँडलच्या नटाला बसणारा पाना घ्या, पक्कड नको, तिने क्रोम खरवडतं. जुना टूथब्रश, कापूस, दात कोरायच्या काड्या, सुती फडकं. एक पांढरं ताट, शक्यतो काठाचं. गंज सोडवणारं तेल, शिवणयंत्राचं पातळ तेल, समुद्रात टिकणारं ग्रीस आणि ड्रॅगसाठीचं वेगळं ग्रीस. डब्ल्यूडी-४० ओल घालवायला ठीक, पण ते वंगण म्हणून टिकत नाही. दुकानात काहीही सांगोत.

बदलायचे भाग आधी मागवा, उघडल्यावर नाही: घर्षणाच्या चकत्यांचा संच, योकच्या स्प्रिंगा, अडसराची स्प्रिंग. किंमत किरकोळ, पण पार्सल यायला वेळ लागतो आणि तोवर उघडं रीळ सादळत बसतं. पावसाळ्यात मिठाने माखलेला पोलादी भाग साफ करून कोरडा ठेवला तर सकाळपर्यंत लाल होतो. म्हणून एका बैठकीत होईल असाच दिवस निवडा, नाहीतर पुसलेल्या प्रत्येक भागाला लगेच तेलाचा हात लावा.

आदल्या रात्री तंगूस पूर्ण उतरवा आणि सगळ्या स्क्रूंच्या डोक्याशी गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकेक थेंब सोडा. पितळी खांबात बसलेले स्क्रू वर्षानुवर्षांच्या मिठाने जखडलेले असतात. सकाळी जोर लावण्याआधी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवर हलके ठोके द्या. तरीही हलला नाही तर अजून एक रात्र जाऊ द्या. त्या रिळाने चाळीस वर्षं काढलीत, त्याला घाई नाही.

उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाईलने फोटो, आणि सुटा भाग ताटात त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे. हँडल, चांदणी, तिच्याखालच्या चकत्या, मग कडेचे स्क्रू आणि उजवी बाजू. आतला ब्रिज, म्हणजे दातेरी चाकं धरणारी पट्टी, चार स्क्रूंवर असतो. शेवटचा स्क्रू सोडताना ब्रिज तळहाताने दाबून धरा आणि सावकाश उचला, कारण योकच्या स्प्रिंगा तिथेच दबून बसलेल्या असतात. माझी एक उडून फरशीच्या फटीत गेली, ती आजवर सापडलेली नाही. तेव्हापासून हे काम मी रीळ, हात सगळं एका मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून करतो. घरचे हसतात, हसू देत.

धुवायला कोमट साबणाचं पाणी आणि ब्रश. जुन्या सिनेटरच्या बाजू बेकेलाइटच्या असतात. त्या गंजत नाहीत पण तडकतात, म्हणून उकळतं पाणी नको, थिनर नको, आपटणं तर नकोच. पितळेवर जिथे क्रोम उडालाय तिथे हिरवा कळंक दिसेल. तो पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतो, पण भाग त्यात भिजत ठेवून चहाला जाऊ नका. काही मिनिटं, मग गोडं पाणी, मग लगेच कोरडं. चिंचेने तांब्या घासायची सवय इथे आवरा, उडालेलं क्रोम परत येत नाही.

ड्रॅगवर मात्र वेळ काढा, कारण मासा हातचा जातो तो इथेच. मोठ्या चाकाच्या पोटात घर्षणाच्या चकत्या आणि धातूच्या चकत्या एकाआड एक असतात. धातूच्या दोन प्रकारच्या: काहींच्या आतल्या भोकाला सपाट कडा असतात, त्या मधल्या नळीबरोबर फिरतात. काहींना बाहेर कान असतात, ते चाकाच्या खाचांत बसतात. या दोघींमध्ये घसरण होते ती म्हणजे ड्रॅग. क्रम चुकला की चांदणी कितीही आवळा, रीळ एकतर घट्ट राहणार नाहीतर सुटणार. धातूच्या चकत्या काचेवर ठेवून बघा. वाकलेली असेल तर अडत-अडत सुटण्याचं कारण सापडलं. जुन्या चामड्याच्या किंवा फायबरच्या चकत्या काढून पेनच्याच एचटी-१०० या कार्बन फायबरच्या घाला आणि त्यांना ड्रॅगच्या ग्रीसचा इतका पातळ हात द्या की नुसती चमक दिसावी. एक सावधगिरी: फार जुन्या रिळांत ॲस्बेस्टॉस असलेल्या चकत्याही निघतात. करड्या, भुरभुरणाऱ्या चकत्या दिसल्या तर घासू नका, फुंकू नका. ओल्या करून पिशवीत बांधून टाका.

बाकी वंगणाचं सोपं. दातांना ग्रीस, अडसर आणि त्याच्या स्प्रिंगला फक्त पातळ तेल, कारण तिथे ग्रीस भरलं तर अडसर वेळेवर पडत नाही. स्पूलच्या दोन्ही टोकांना तेल. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना ग्रीस, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात रात्रभर वाट बघावी लागणार नाही. बाजूंच्या आतल्या अंगालाही पातळ थर द्या, पाणी तिथेच साचतं.

जोडून झालं की कागद काढा आणि लिहिलेली तिन्ही दुखणी पुन्हा तपासा. मगच तंगूस भरा, ओल्या फडक्यातून ताण देत, अंगठ्याने पसरवत. स्पूल प्लास्टिकचं असेल तर ताणलेलं नायलॉन त्याला आतून फोडू शकतं, म्हणून धातूचं मिळालं तर बदला. वेणीची दोरी भरणार असाल तर खाली थोडं नायलॉन गुंडाळा, नाहीतर सगळी गुंडाळी स्पूलवर घसरते.

शेवटी ताणकाटा. दोरी त्याला बांधून दांडी वाकवा आणि दोरीच्या तुटण्याच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला ड्रॅग सुटेल इतकी चांदणी आवळा. १५ किलोचं तंगूस असेल तर चार ते पाच किलो. ती चांदणी कुठे थांबली त्याची खूण करू नका, घरी आल्यावर ती सैल करायचीच आहे, चकत्या दबून राहू नयेत म्हणून. त्याआधी, ड्रॅग घट्ट असतानाच, गोड्या पाण्याची हलकी धार. जोराचा पाइप नको. पहिल्या फेरीनंतर सगळे स्क्रू एकदा पुन्हा हाताने बघा, नवीन ग्रीसवर एखादा हटकून ढिला होतो.