पद्मिनी चढाला गचके मारायची, शेवटी दोष पाईपचा निघाला
आमची 85 सालची प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसीवाली. सपाटीला एकदम मस्त पण चढ आला की गचके मारायची आणि बंद पडायची, पाच मिनिटं थांबलं की परत चालू, जसं काही झालंच नाही. ज्याला विचारावं तो म्हणे कॉइल (स्पार्कला करंट देणारी) बदला, कार्ब (कार्बोरेटर, पेट्रोल-हवा मिसळणारा) बदला. अरे बाबा, पण पेट्रोल पोचतंय का ते तरी बघा!

मग कार्बला येणारा पाईप काढून बाटलीत सोडला, कॉइलची बारीक वायर आधी काढून ठेवली (स्पार्क नको, आग लागायची) आणि मुलाला स्टार्टर मारायला सांगितला. पेट्रोल येत होतं पण बुडबुड्यांसकट. म्हणजे पंपाच्या आधी कुठेतरी हवा ओढतोय. टाकी मागे, पंप पुढे इंजिनवर, त्यामुळे या बाजूला चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, उलट हवाच आत जाते, म्हणून वास नाही, ओल नाही, काहीच कळत नाही. पंपाजवळचा रबरी पाईप वाकवून बघितला तर क्लिपपाशी बारीक बारीक चिरा, आतून चिकट झालेला. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. इथेनॉलला चालणारा पाईप घ्या, साधा नको.

कार्बमधल्या फ्लोटच्या वाटीत (जिथे पेट्रोल साठतं) काळा चुरा होताच, जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला तुकडा) काढून हवा मारली. जेटमध्ये तार अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की अ‍ॅव्हरेज गेलं. आता खंबाटकी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढते.