जुनी मारुती जिप्सी घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की जुन्या जिप्सीची सगळी दुखणी एकदम वर येतात. पहिलं दुखणं तापण्याचं, आणि त्यावर सर्रास होणारा इलाज म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकणे. तो करू नका. चांगला थर्मोस्टॅट इंजिन गरम झाल्यावर उघडतो आणि मग पाणी अडवत नाही. तो काढल्याने डिसेंबर-जानेवारीत इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त लागतं आणि ऑइलमध्ये गाळ धरतो. तापण्याचं खरं कारण मात्र जागच्या जागी राहतं. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा आणि पाणी तापवा. झडप ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडू लागली पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडली पाहिजे. नाही उघडली तर नवा बसवा.

गाडी नेमकी कधी तापते, हे आधी बघा. अर्धं निदान तिथेच होतं. सीताबर्डीच्या गर्दीत तापमानाचा काटा चढतो आणि वर्धा रोडला लागल्यावर उतरतो, तर दोष हवेचा आहे: सैल बेल्ट, थकलेला फॅन, किंवा कुणीतरी काढून ठेवलेलं फॅनभोवतीचं कव्हर. उलट, गर्दीत ठीक आणि हायवेवर काटा चढत असेल, तर रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा खालचा होज (रबरी नळी) पंपाच्या ओढीने आत दबतोय. तिसरी खूण सर्वांत गंभीर. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या तोंडाशी पाहा. तिथे बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं पॅकिंग) गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. तशी गाडी पुढे दामटू नका, कारण हेड ॲल्युमिनिअमचं आहे आणि ते वाकतं.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही नको. त्यातले क्षार नळ्यांत थर धरतात. कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या. तयार मिश्रण आणलं असेल तर त्यात आणखी पाणी घालू नका. रेडिएटरचं झाकण हा स्वस्तातला पण मोठा भाग आहे. ०.९ बारचं झाकण दाब धरतं तेव्हा साधं पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब जातो आणि गाडी विनाकारण उतू जाते. पेंच-ताडोबाकडे फिरलेल्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीत गवताचं बी आणि धूळ घट्ट बसते. ती इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धुवा. जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात.

पुढच्या चाकामागून गळणारं काळं पाणचट ग्रीस

इथे बहुतेक जण बाहेरचं गोल सील बदलतात आणि महिन्याभरात परत गळती सुरू होते. नकलमध्ये (पुढचं चाक ज्यावर वळतं तो गोल सांधा) असतं ते घट्ट ग्रीस. ते पातळ झालं याचा अर्थ ॲक्सलमधलं आतलं सील गेलं आणि डिफरन्शिअलचं (ॲक्सलच्या मधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल तिथे येऊन मिसळलं. आतलं सील बदलल्याशिवाय बाहेरच्याचा उपयोग नाही. सील बदलण्याआधी ॲक्सलच्या हौसिंगवरचा ब्रीदर (हवा ये-जा करायचं छोटं तोंड) उघडा आहे ना, ते बघा. आपल्याकडची काळी माती त्यात वाळून दगडासारखी बसते. मग गरम झालेली हवा बाहेर पडायला वाट नसते आणि ती ऑइलला सीलमधून ढकलते. हेच हौसिंग तापलेलं असताना नाल्याच्या पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ दिसलं तर ते लगेच बदला.

६०-७० च्या वेगाला थरथरणारं स्टिअरिंग

स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) बदलून थरथर काही दिवस दबते, पण मूळ कारण तसंच राहतं. चाकांचं बॅलन्सिंग आणि टाय रॉडचे एंड बघून झाले की पुढचं चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा. राहिला तर किंगपिनच्या (नकल ज्या खुंटीवर वळतं तिच्या) बेअरिंगचा. किंगपिनखालच्या शिम (पातळ चकत्या) काढल्या की बेअरिंगवरचा ताण वाढतो. मात्र अंदाजाने काढू नका. स्प्रिंगच्या वजनकाट्याने नकल ओढून बघा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. जास्त आवळलं तर वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही.

ऑइल

आधी भरायचा बोल्ट सोडवा, मगच निचऱ्याचा. वरचा जाम निघाला आणि खालून ऑइल सांडून बसलं, तर गाडी तिथेच अडकते. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी आहे, मधे छोटा शाफ्ट आहे. गिअरबॉक्सचं ऑइल तिथे पोचत नाही, त्यामुळे तिचं ऑइल अनेकदा वर्षानुवर्षं बदललंच जात नाही. गिअरबॉक्सला सुमारे १.३ लिटर, ट्रान्सफर केसला ०.८, पुढच्या डिफरन्शिअलला २ आणि मागच्याला १.५ लिटर लागतं. गाडी सपाट जागी ठेवून भरायच्या भोकाच्या काठापर्यंत भरा. डिफरन्शिअलमध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल घाला, गिअरबॉक्समध्ये जीएल-४. जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्या) खाऊ शकतात आणि मग गिअर घालताना किर्र होतं.

फोर-व्हील कोरड्या डांबरावर नको

या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधलं डिफरन्शिअल नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि माती-चिखलात घसरून जे सुटतं ते डांबरावर सुटत नाही. ताण शाफ्टमध्ये साठतो, लिव्हर ४एच (फोर-व्हील हाय) मध्ये अडकते. हातोडा मारू नका. गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्या आणि लिव्हर हलकेच काढा. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर, किंवा दोन मापांचे टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हेच होतं. फोर-व्हील लावताना पुढच्या चाकांच्या मध्यावरची हबची कळ दोन्ही बाजूंना लॉक करा. एकच लॉक केली तर पुढची चाकं ओढतच नाहीत.

प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत फिरणारा दांडा) काढण्याआधी दोन्ही टोकांवर रंगाने खूण करा. दोन टोकांचे योक (दुबेळके) एकाच पातळीत बसले नाहीत तर त्यांत नवे क्रॉस (अधिक चिन्हासारखे सांधे) घालूनही गाडी थरथरते. ग्रीस भरताना क्रॉसच्या चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. एका टोपीतून येत नसेल तर ती आधी जाणार. ट्रान्सफर केसचे माउंटिंग रबरही तपासा, त्यांचा दोष नेहमी क्रॉसच्या माथी मारला जातो.

गाडीखाली जाण्याआधी चाकांना ठोकळे लावा आणि जॅकवर नाही तर पक्क्या घोडीवर (जॅक स्टँडवर) ती ठेवा. काळ्या मातीत जॅकखाली जाड फळी हवीच. मागचं एक चाक उचललं की गिअर गाडीला धरून ठेवत नाही, आणि ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये असेल तर चारही चाकं जमिनीवर असूनही धरत नाही.

स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल बोल्ट (पाट्यांचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर बुश पिळून फाटतात. पाट्या ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घातले असतील तर पहिल्या १०० ते २०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.