हृदयविकार नसताना स्टॅटिन: निर्णय कसा घ्यावा

हृदयविकाराचा झटका किंवा रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात ज्यांना येऊन गेला आहे, त्यांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, देण्याबाबत डॉक्टरांमध्ये सहसा दुमत नसते. असे काहीच झालेले नाही त्यांनी मात्र केवळ लिपिड प्रोफाइलमधील (रक्तातील कोलेस्टेरॉलच्या तपासणीतील) एका आकड्यावर निर्णय घेऊ नये. झटका किंवा पक्षाघात येण्याची आपली एकंदर जोखीम किती, हे आधी पाहावे.

वय, लिंग, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) यांवरून पुढील 10 वर्षांतील जोखीम टक्केवारीत काढता येते, आणि ती डॉक्टरांना काढायला सांगावी. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यविषयक तज्ज्ञगटाच्या 2022 च्या शिफारशीनुसार, 40 ते 75 वयाच्या ज्या व्यक्तींमध्ये मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा कोलेस्टेरॉलचा बिघाड यांपैकी किमान एक धोका आहे आणि जोखीम 10 टक्के किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना स्टॅटिन द्यावी, 7.5 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान ती व्यक्तीगणिक ठरवावी. वयाच्या 76 नंतर नव्याने सुरू करावी की नाही, याबद्दल त्या गटाला पुरावा अपुरा वाटला. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) प्रति डेसिलिटर 190 मि.ग्रॅ. किंवा त्याहून जास्त असेल, तर हे गणित न करताच उपचार सुचवले जातात.

आपल्यासाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा घटक मानला आहे. वडिलांना किंवा भावाला 55 वर्षांच्या आत, आईला किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण काठावरचा निर्णय अशा माहितीने बदलतो.

त्यानंतर फायदा किती, हे स्पष्ट विचारावे. भारतासह 21 देशांत झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होप-3’ चाचणीत मध्यम जोखमीच्या 12,705 व्यक्तींपैकी निम्म्यांना रोज 10 मि.ग्रॅ. रोसुव्हास्टॅटिन देण्यात आले. सुमारे साडेपाच वर्षांत हृदयविकाराने किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांचे प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांमध्ये 4.8 टक्के, तर औषध घेणाऱ्यांमध्ये 3.7 टक्के होते. म्हणजे सुमारे 90 जणांनी गोळी घेतली, तेव्हा एकाचे संकट टळले. हा फायदा खरा आहे. पण तो आपल्याला पुरेसा वाटतो का, हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे, असे मला मनापासून वाटते. धूम्रपान सोडणे आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे हे गोळी घेतली तरी चुकत नाही.

गोळी सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल आणि यकृताची तपासणी करावी, आणि 4 ते 12 आठवड्यांनी लिपिड पुन्हा तपासावे. अॅटोरव्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन दिवसाच्या कोणत्याही ठरलेल्या वेळी चालतात. सिमव्हास्टॅटिन रात्री घेतात. गर्भधारणेचा विचार असल्यास आधीच डॉक्टरांना सांगावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके सोबत घेतल्यास काही स्टॅटिनची रक्तातील पातळी वाढते, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जातानाही चालू गोळ्यांची यादी न्यावी.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर किंचित वाढू शकते. स्नायू दुखले तर परस्पर औषध न सोडता डॉक्टरांना कळवावे. मात्रा कमी करून किंवा दुसरी स्टॅटिन देऊन अनेकांचे भागते. मात्र तीव्र वेदना, अशक्तपणा आणि गडद रंगाची लघवी दिसली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.