मिरचीची रोपं ट्रेमधून मातीत: कधी काढायची, कशी लावायची

पावसाळा लागला की आपल्या बेळगाव भागात संकेश्वर, निपाणी, चिकोडी कुठल्याबी बाजाराला जावा, मिरची-टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मांडून बसलेली माणसं दिसतात आणि आपणबी दहा-वीस रोपं घेतोच. घरी आणून परड्यात लावतो, आठ दिवसांनी निम्मी आडवी. मग शिव्या बियाण्याला नाहीतर नर्सरीवाल्याला. खरं बघितलं तर बहुतेक वेळा रोप चांगलंच असतंय, घोळ होतो तो ट्रेमधून मातीत जाताना आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात. म्हणून बी कसं टाकायचं, कुठली जात चांगली हे सगळं बाजूला ठेवून फक्त तेवढंच सांगतो. संकेश्वरी लावा, ब्याडगी लावा नाहीतर नर्सरीतली कुठलीबी हायब्रीड, रीत एकच.

पहिलं म्हणजे रोप तयार झालंय का हे कळलं पाहिजे. साधारण ३५ ते ४५ दिवसांचं, वीतभर उंचीचं रोप लावायला येतं असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण मी दिवस मोजण्यापेक्षा मुळं बघा म्हणतो. ट्रेच्या कप्प्याला खाली भोक असतंय, तिथनं बोटानं हळूच वर ढकला आणि एक रोप बाहेर काढा. कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गड्डा अख्खा निघाला आणि त्याच्या चारी बाजूला पांढऱ्या मुळांची जाळी दिसली तर रोप तयार. कोकोपीट भुसभुशीत होऊन खाली सांडलं तर अजून चार-पाच दिवस थांबा, घाई नको. आणि मुळं तपकिरी होऊन बुडाला गोल गोल गुंडाळलेली असतील तर रोपाचं वय झालंय, ते लावलं तरी बरेच दिवस तसंच ठोंब्यासारखं उभं राहतंय, वाढायचं नाव घेत नाही. विकत घेतानाबी हेच करून बघा, दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. उंच, लांबट, फिकट हिरवं रोप बघून लोक भुलतात पण ते दाटीत, सावलीत ताणलेलं असतंय. बुटकं, पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक पण टणक खोडाचं, पाच-सहा खरी पानं असलेलं रोप घ्या, आणि ज्याला ट्रेमध्येच फुलं आलीत ते तर अजिबात नको.

नर्सरीतलं रोप शेडनेटखाली लाडात वाढलेलं असतंय, त्याला थेट उन्हात नेऊन लावलं की पानं पांढरी पडून करपतात. त्यामुळं आणल्या आणल्या लावू नका. पाच-सात दिवस अंगणात ठेवा, पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन दोन तास, मग रोज थोडं थोडं वाढवत न्या, आणि पाणी जरा कमी करा, म्हणजे पूर्ण वाळू द्यायचं नाही, पण पान थोडं मऊ पडल्यावर मग द्यायचं.

आता कधी लावायचं. खरिपाची मिरची आपल्याकडं जुलै ते ऑगस्टच्या सुरवातीला लागते. कर्नाटकी बेंदूर झाला की लोकांची गडबड सुरू होते, पण तुम्ही खानापूरच्या बाजूचे असाल तर तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसूचा, तिकडं जोरात असतोय आणि कोवळं रोप त्यात कुजतंय, म्हातारा पाऊस, म्हणजे त्याच्या पुढचा पुष्याचा, संपत आला आणि जरा उघडीप मिळाली की लावा. अथणीकडं उलटं, तिकडं पाऊसच कमी, पाण्याची सोय बघूनच हात घाला. दिवस निवडताना ढगाळ दिवस सगळ्यात चांगला, नाहीतर संध्याकाळी चारच्या पुढं. सकाळी लावलेलं रोप त्याच दिवशी दुपारचं ऊन खातंय, संध्याकाळी लावलेल्याला अख्खी रात्र सावरायला मिळते.

मातीचं बघायचं तर बेळगाव-खानापूरची तांबडी माती पाणी लवकर सोडते, तिला शेणखत जास्त लागतंय. चिकोडी, अथणीची काळी माती पाणी धरून ठेवते, तिथं सपाट वाफ्यात मिरची लावणं म्हणजे मूळकुजीला आमंत्रण. सरी-वरंबा करा आणि रोप वरंब्याच्या बगलेला लावा, तळात नाही. शेणखत पूर्ण कुजलेलंच पाहिजे, ओल्या शेणातनं हुमणी अळी येते ती मुळं खाऊन टाकते. जमलं तर शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवून मग टाका. रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या होबळी पातळीवरच्या कचेरीत, नाहीतर मत्तिकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याची चौकशी करता येते. आणि गेल्या हंगामात जिथं बटाटा, टोमॅटो, वांगी नाहीतर तंबाखू होती तिथं मिरची नको. ही सगळी एकाच कुळातली पिकं, एकाचा रोग मातीत राहतो तो दुसऱ्याला लागतो.

तंबाखूवरनं आठवलं, आपल्या भागात हे सांगायलाच पाहिजे. तंबाखूला मोझॅक नावाचा विषाणू असतोय, तो वाळलेल्या पानात, विडीत, मळलेल्या तंबाखूतसुद्धा टिकतो आणि हातावरनं मिरचीच्या रोपाला लागतो. पानं चितकबरी होतात, आकसतात, झाड खुरटं राहतं आणि त्याला औषध नाही. चुना-तंबाखू मळून तोच हात झटकून रोपं लावायला बसणारी माणसं कमी आहेत का? रोपाला हात लावायच्या आधी साबणानं स्वच्छ हात धुवा, मजूर लावलेत तर त्यांनाबी धुवायला लावा, राग आला तर येऊ दे.

लावायच्या तासभर आधी ट्रेला पाणी द्या, गड्डा ओला असला की अख्खा सुटतो. जमिनीतबी वाफसा पाहिजे, म्हणजे मूठ वळली तर गोळा व्हावा आणि बोटानं दाबला तर फुटावा, एवढीच ओल. चिखलात लावू नका. अंतर दोन फूट बाय दीड फूट ठेवा, काळ्या जमिनीत झाड पसरतं म्हणून अडीच बाय दोन. दोन बाय दीडच्या हिशोबानं एका गुंठ्याला ३६० च्या आसपास रोपं लागतात, म्हणजे ९८ कप्प्यांचे चार ट्रे घेतले की मरतुकीसाठीबी थोडी उरतात.

खड्डा गड्ड्यापेक्षा थोडाच मोठा करा. रोप खोडाला धरून उपसायचं नाही, खालनं ढकलायचं आणि गड्डा हातात घ्यायचा, धरायचंच झालं तर पानाला धरा. पान तुटलं तर दुसरं येतंय, खोड चेमटलं तर रोपच गेलं. गड्डा फोडू नका, मुळं मोकळी करायच्या भानगडीत पडू नका. ट्रेमध्ये जेवढं खोल होतं तेवढंच खोल, फार तर बोटाच्या पेराएवढं जास्त. टोमॅटोचं खोड पुरलं तर त्याला मुळं फुटतात म्हणून तो खोल लावतात, ते बघून मिरचीबी खोल पुरणारे बरेच आहेत, पण मिरचीला तसं होत नाही, उलट ओल्या मातीत खोड कुजतं. माती दोन्ही बोटांनी हलकी दाबा, पायानं नाही. गादीवाफ्यावरची रोपं लावताना एका जागी दोन लावायची पद्धत आहे, ट्रेच्या रोपाला त्याची गरज नाही, एकच लावा.

लावलं की लगेच झारीनं बुडाला पाणी द्या, पाइपचा जोर सोडू नका. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे लावणीनंतरचं दुसरं पाणी. मधल्या दिवसांत दुपारी रोप मान टाकतं तेव्हा हातात तांब्या घेऊन पळू नका. सकाळी उठून बघा, ताठ उभं असलं तर त्याला पाणी कमी पडलेलं नाही, नुसता उन्हाचा ताण आहे, सकाळीसुद्धा मान खाली असली तर मातीत बोट घालून बघा आणि कोरडं लागलं तरच द्या. माती ओली असून रोप झोपलं आणि खोड मातीलगत बारीक, काळपट झालेलं असलं तर ती मर, म्हणजे बुरशीचा रोग आहे. ते रोप उपटून लांब टाका, पाणी तोडा आणि बाकीच्यांच्या बुडाला ट्रायकोडर्मा लिटरला ५ ग्रॅम या हिशोबानं ओता. उघडीप पडून ऊन कडक झालं तर दोन-तीन दिवस कडुलिंबाची डहाळी रोवून सावली करा. उसाचा पाला तर आपल्याकडं जाळून टाकतात, तो बुडाभोवती पसरा पण खोडाला चिकटवू नका.

गच्चीवर कुंडीत लावणाऱ्यांना एक जादा पायरी. छोटं रोप थेट १२ इंची ग्रो बॅगेत लावलं की मुळं मधेच राहतात आणि आजूबाजूची माती नुसती ओली राहून आंबते. आधी ४ इंची पिशवीत लावा, पिशवीच्या भोकांतनं मुळं डोकावली की मग मोठ्या बॅगेत. माती दोन भाग, गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड, आणि बॅगेखाली दोन विटा, पाणी निघून गेलं पाहिजे.

खताची घाई पहिल्या आठ-दहा दिवसांत नको, मुळं बसलेली नसतात. शेंड्याला नवं, तुकतुकीत पान दिसलं की रोप लागलं समजायचं, मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला २ ग्रॅम बुडाला नाहीतर शेण-गोमूत्राचं जीवामृत. पानं वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची बारीक कीड, भिंगानं पानाच्या मागं बघा, पिवळे-निळे चिकट सापळे लावणीच्या दिवशीच टांगलेले बरे. नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, दहा दिवसांच्या आतच भरा, उशिरा भरलेलं रोप मोठ्या झाडांच्या सावलीत दबतं. आणि पहिली एक-दोन फुलं खुडून टाका, जीवावर येतं पण खुडा, त्या वेळी झाडानं फांद्या कराव्यात.